गाठीचे काठिण्य आणि बालकर्करोग : नव्या मोजमापाचा अर्थ व मर्यादा

नवी दिल्ली : पोटात मोठी गाठ असलेले तीन-चार वर्षांचे मूल रुग्णालयात येते, तेव्हा त्याची पहिली तपासणी आजही हातानेच होते. गाठ कोठे आहे, केवढी आहे, हलते का आणि किती कठीण लागते, हे डॉक्टरांची बोटे आधी सांगतात. यंत्रांची पाळी नंतर येते. आयुर्वेदातील अष्टविध परीक्षेत स्पर्शाला स्थान आहे आणि आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही रुग्णाचे पोट चाचपण्याची रीत आवर्जून शिकवली जाते. मात्र मूत्रपिंडात उद्भवणाऱ्या विल्म्स अर्बुदाबाबत त्याच विद्यार्थ्याला आणखी एक सूचना मिळते : ही गाठ वारंवार किंवा जोराने दाबून पाहू नये. तिचे आवरण फुटले, तर अर्बुदाच्या पेशी पोटात पसरतात, आजाराचा टप्पा वाढतो आणि मुलाला अधिक तीव्र उपचार सोसावे लागतात.

गाठीचा कठीणपणा ही माहिती उपयोगाची आहे. पण बोटांनी मिळणारी ही माहिती ढोबळ असते, खोलवरच्या गाठीबाबत ती मिळतच नाही आणि काही वेळा ती मिळवण्याचा प्रयत्नच जोखमीचा ठरतो. ऊतींचे काठिण्य न दाबता मोजणारी आणि त्याचे चित्र पडद्यावर उमटवणारी ‘इलॅस्टोग्राफी’ ही पद्धत या ठिकाणी पुढे येते. प्रौढांच्या यकृतविकारांत ती आता रुळली आहे. लहान मुलांच्या अर्बुदांसाठी तिचा वापर अद्याप प्रामुख्याने संशोधनाच्या टप्प्यावर आहे. तरीही नव्या सोनोग्राफी यंत्रांत ही सुविधा मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागल्याने तिचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळांपुरता उरलेला नाही.

मुदत जवळ, अंतर मोठे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ० ते १९ वयोगटातील सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. ही दरी कमी करण्यासाठी संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगविषयक जागतिक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुलांचे प्राण वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले. या उपक्रमाने ज्या सहा कर्करोगांवर विशेष लक्ष केंद्रित केले आहे, त्यांत विल्म्स अर्बुदाचा समावेश आहे.

भारतात दरवर्षी ५० हजारांहून अधिक मुलांना कर्करोग होत असल्याचा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील सर्वांचे निदान होतेच असे नाही आणि निदान झालेल्या सर्वांना उपचार पूर्ण करता येतात असेही नाही. दूरचा प्रवास, पालकांची बुडणारी मजुरी, शहरातील निवासाचा खर्च आणि घरी राहिलेल्या इतर मुलांची चिंता यांमुळे उपचार अर्ध्यावर सुटतात. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे उभारण्याची आणि त्यांपैकी २०० केंद्रे त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा केली, तिची पार्श्वभूमी हीच आहे.

उपचार जिल्ह्यापर्यंत पोहोचवायचे, तर उपचारांचा परिणाम मोजण्याची साधनेही जिल्ह्यापर्यंत पोहोचावी लागतील. प्रत्येक वेळी मुलाला सीटी स्कॅन किंवा एमआरआयसाठी महानगरात पाठवावे लागले, तर डे-केअर केंद्राचा हेतू अर्धाच साधेल. इलॅस्टोग्राफीची चर्चा भारतासाठी महत्त्वाची ठरते ती या कारणाने.

लहरींनी घेतलेला स्पर्श

या पद्धतीचे मूळ तत्त्व साधे आहे. मऊ आणि कठीण वस्तूंवर सारखाच दाब दिला, तर मऊ वस्तू अधिक दबते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हेच तत्त्व सोनोग्राफीला लावले. दाब देण्यापूर्वीच्या व नंतरच्या ध्वनिप्रतिमांची तुलना करून ऊतीचा कोणता भाग किती दबला, हे त्यांनी दाखवले आणि या चित्रणाला ‘इलॅस्टोग्राफी’ हे नाव दिले. पुढे १९९५ मध्ये मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी एमआरआयच्या साहाय्याने शरीरातील कंपनांचा प्रवास टिपून काठिण्य मोजण्याची रीत मांडली.

सध्या अधिक प्रचलित असलेल्या ‘शिअर वेव्ह’ पद्धतीत बाहेरून दाबण्याचीही गरज राहत नाही. सोनोग्राफीचा प्रोब एक केंद्रित ध्वनिस्पंद आत पाठवतो. त्याच्या धक्क्याने ऊती काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतक्या हलतात आणि तेथून पाण्यावरच्या तरंगांप्रमाणे आडव्या लहरी दोन्ही बाजूंना पसरतात. नेहमीचा ध्वनी मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. या आडव्या लहरींचा वेग मात्र सेकंदाला साधारण १ ते १० मीटर इतकाच असतो. सेकंदाला हजारो प्रतिमा घेऊ शकणारे यंत्र त्यांचा माग काढते. ऊती जितकी कठीण, तितकी लहर वेगवान.

या वेगावरून काठिण्याचा आकडा काढला जातो. ऊती एकसंध आहे असे गृहीत धरल्यास सेकंदाला १ मीटर वेग सुमारे ३ किलोपास्कल, २ मीटर वेग सुमारे १२ आणि ३ मीटर वेग सुमारे २७ किलोपास्कल काठिण्य दर्शवतो. वेग दुप्पट झाला की आकडा चौपट होतो. त्यामुळे एका अहवालात मीटर आणि दुसऱ्यात किलोपास्कल लिहिले असेल, तर दोन्हींची थेट तुलना करणाऱ्याची फसगत होऊ शकते. निरोगी यकृताचे काठिण्य साधारणपणे ४ ते ६ किलोपास्कलच्या आसपास आढळते. यकृतात तंतुमय ऊती वाढत गेल्या, की हा आकडा चढत जातो.

लहान मुलांसाठी या पद्धतीचे काही लाभ उघड आहेत. तीत क्ष-किरणांचा वापर नाही. भूल द्यावी लागत नाही. मुलाचे शरीर लहान असल्याने यकृत, मूत्रपिंड किंवा मानेतील ग्रंथी प्रोबपासून फार खोल नसतात. सोनोग्राफीवर आधारित इलॅस्टोग्राफी काही सेंटिमीटर खोलीपर्यंतच विश्वासार्ह असते. स्थूल प्रौढांत ही मोठी अडचण ठरते, मुलांत तिचा जाच तुलनेने कमी होतो.

‘कठीण म्हणजे घातक’ हा नियम मुलांना लागू नाही

प्रौढांच्या स्तनातील गाठींवर झालेल्या मोठ्या प्रमाणावरील अभ्यासांमुळे इलॅस्टोग्राफीला प्रतिष्ठा मिळाली. स्तनाचा कर्करोग बहुधा कठीण असतो. कारण कर्करोगाच्या पेशींभोवती दाट तंतुमय ऊतींचे जाळे विणले जाते. स्तनचित्रणाच्या अहवालांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘बाय-रॅड्स’ प्रणालीच्या २०१३ च्या आवृत्तीत काठिण्याच्या नोंदीला जागा मिळाली. त्यातून ‘कठीण गाठ संशयास्पद, मऊ गाठ निरुपद्रवी’ असा एक ढोबळ समज रुजला.

बालकर्करोगात हा समज धोकादायक आहे. मुलांची बरीचशी घातक अर्बुदे त्वचा किंवा ग्रंथींच्या अस्तरातून निर्माण होत नाहीत. ती भ्रूणावस्थेतील अपरिपक्व पेशींशी नाते सांगतात. न्यूरोब्लास्टोमा, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, लिम्फोमा यांसारख्या अर्बुदांत लहान, गोल पेशींची दाटी असते आणि तंतुमय आधार कमी असतो. अशी गाठ अत्यंत आक्रमक असूनही तुलनेने मऊ असू शकते. आतमध्ये रक्तस्राव झालेला असेल किंवा काही भाग मृत होऊन पातळ झाला असेल, तर ती आणखी मऊ भासते.

याउलट काही निरुपद्रवी गाठी चांगल्याच कठीण असतात. जन्मानंतर काही आठवड्यांनी बाळाच्या मानेच्या स्नायूत एक टणक गाठ हाताला लागते आणि बाळाची मान एका बाजूला कलते. ‘फायब्रोमॅटोसिस कॉली’ या नावाने ओळखली जाणारी ही गाठ पालकांची झोप उडवते. पण ती कर्करोग नसते आणि बहुतेक बाळांत मानेच्या व्यायामाने ती विरते. न्यूरोब्लास्टोमाच्याच कुळातील गँग्लिओन्यूरोमा हे परिपक्व अर्बुद सौम्य असते. त्यात पेशींची दाटी कमी आणि आधारऊती विपुल असते.

भारतात या गुंतागुंतीला क्षयरोगाची जोड मिळते. मुलाच्या मानेत वाढलेल्या लसिका ग्रंथींमागे साधा संसर्ग, क्षय किंवा लिम्फोमा यांपैकी काहीही असू शकते. क्षयाच्या ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या, कॅल्शियम साठून टणक झालेल्या असतात, तर पू झालेल्या ग्रंथी मऊ असतात. एकाच आजाराची ही दोन टोके आहेत. लिम्फोमाची ग्रंथी त्या मानाने रबरासारखी लागते. ज्या देशांत क्षय विरळ आहे, तेथे ठरवलेली काठिण्याची सीमारेषा भारतातील मुलाच्या अहवालावर जशीच्या तशी चिकटवली, तर कर्करोगाला क्षय आणि क्षयाला कर्करोग ठरवले जाण्याचा धोका आहे. पुराव्याविना दिलेल्या क्षयाच्या औषधांत काही महिने निघून गेले, तर लिम्फोमाच्या मुलाची बरे होण्याची संधी घटते.

म्हणून एका मोजणीच्या एका आकड्यावरून मुलाची गाठ घातक की सौम्य, हे ठरवणे आजच्या ज्ञानाच्या आधारे योग्य नाही. ते काम बायोप्सी, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि इतर चित्रणे यांचेच आहे.

खरा उपयोग बदल मोजण्यात

मग या पद्धतीचे स्थान कोठे? संशोधनाचा कल पाहता उत्तर असे दिसते, की दोन वेगवेगळ्या मुलांच्या गाठींची तुलना करण्यापेक्षा त्याच मुलाच्या त्याच गाठीत उपचारांदरम्यान होणारा बदल मोजण्यासाठी काठिण्य अधिक उपयुक्त ठरू शकते.

विल्म्स अर्बुद हे याचे उत्तम उदाहरण आहे. मुलांच्या मूत्रपिंडाच्या अर्बुदांपैकी सुमारे ९० टक्के या प्रकारची असतात आणि चांगले उपचार मिळाल्यास सुमारे ९० टक्के मुले वाचतात. उत्तर अमेरिकेत शक्य असल्यास आधी शस्त्रक्रिया केली जाते. युरोपीय पद्धतीत आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया होते. आजार मूत्रपिंडाच्या परिसरापुरता मर्यादित असल्यास व्हिन्क्रिस्टीन आणि ॲक्टिनोमायसिन ही औषधे सुमारे चार आठवडे दिली जातात. तो फुप्फुसांसारख्या इतर अवयवांत पसरला असल्यास तिसऱ्या औषधासह सहा आठवडे. भारतात मुले बहुधा गाठ खूप वाढल्यावर रुग्णालयात पोहोचतात. त्यामुळे आधी गाठ आकसवण्याचा मार्ग अनेक केंद्रांना सोयीचा वाटतो.

या आठवड्यांत औषध लागू पडते आहे का, हे सध्या प्रामुख्याने गाठीच्या आकारमानावरून ठरते. पण आकारमान नेहमी खरे बोलत नाही. काही विल्म्स अर्बुदांत केमोथेरपीनंतर स्नायू किंवा संयोजी ऊतींसारख्या परिपक्व पेशी उरतात. अशी गाठ फारशी लहान होत नाही, क्वचित वाढतेही. तरीही तिचे भवितव्य चांगले असते. दुसरीकडे एखादी गाठ झपाट्याने आकसते. पण तिच्यात टिकून राहिलेला भाग मुख्यतः ‘ब्लास्टेमा’ या अपरिपक्व पेशींचा असतो आणि तो उच्च जोखमीचा मानला जातो. हा भेद आज काढलेल्या मूत्रपिंडाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावरच कळतो. पेशींची दाटी, तंतूंचे प्रमाण आणि मृत भागाचा विस्तार यांचा काठिण्यावर परिणाम होतो. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीच या बदलांची चाहूल लागू शकेल का, हा संशोधकांपुढील प्रश्न आहे.

न्यूरोब्लास्टोमाबाबतही असेच प्रयत्न सुरू आहेत. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधील संशोधकांनी या आजाराच्या प्राण्यांमधील प्रारूपात एमआर इलॅस्टोग्राफीचा अभ्यास केला आहे. औषधाने पेशी मरू लागल्या, की गाठीची घडण बदलते आणि तिच्या यांत्रिक गुणधर्मांत तो बदल उमटतो, ही त्यामागची कल्पना आहे. गाठ लहान होण्यास काही आठवडे लागत असतील, पण तिचे काठिण्य त्याआधी बदलत असेल, तर निरुपयोगी ठरणारे औषध लवकर थांबवता येईल. केमोथेरपीचा प्रत्येक अनावश्यक आवर्त मुलाच्या अस्थिमज्जेवर, श्रवणशक्तीवर किंवा हृदयावर आघात करू शकतो. त्यामुळे ही शक्यता केवळ शास्त्रीय कुतूहलाची नाही.

तथापि बदलाचा अर्थ लावणेही सरळ नाही. पेशी मरून तेथे पोकळी किंवा द्रव झाला, तर गाठ मऊ होते. त्याच जागी व्रणऊती भरली, तर ती कठीण होते. दोन्ही प्रसंगी औषध लागू पडलेले असते. म्हणून काठिण्याचा आलेख आकारमान, एमआरआयमधील इतर मापे आणि अखेरीस सूक्ष्मदर्शकाखालील निष्कर्ष यांच्याशी ताडून पाहावा लागतो.

यकृतावर पहारा

अर्बुदापेक्षाही लवकर उपयोगी पडेल असे एक क्षेत्र म्हणजे उपचारांनी होणाऱ्या हानीची देखरेख. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर, तसेच ॲक्टिनोमायसिनसारख्या औषधानंतर काही मुलांच्या यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या अवरुद्ध होतात. यकृत सुजते, पोटात पाणी साठते, वजन वाढते, कावीळ दिसू लागते. हा प्रकार तीव्र झाल्यास प्राणावर बेतू शकतो. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरील छोट्या अभ्यासांत असे दिसले, की यकृताचे काठिण्य नेहमीच्या सोनोग्राफीत चिन्हे दिसण्यापूर्वीच वाढू लागते.

येथे तुलना त्याच मुलाच्या उपचारपूर्व आकड्याशी होते, मोजायचा अवयव मोठा आणि ओळखीचा असतो आणि यकृताचे काठिण्य मोजण्याचा अनुभव भारतातील अनेक रुग्णालयांत आधीपासून आहे. यकृतविकार चिकित्सालयांत वापरल्या जाणाऱ्या ‘फायब्रोस्कॅन’ यंत्रांसाठी मुलांकरिता स्वतंत्र लहान प्रोब मिळतात. त्यामुळे बालकर्करोग विभागांनी या पद्धतीची सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाला यकृत हे व्यवहार्य उत्तर आहे.

किरणोत्सर्ग, भूल आणि खर्च

काठिण्यचित्रणाच्या बाजूने मांडला जाणारा एक मुद्दा किरणोत्सर्गाचा आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात बालपणी वा तरुणपणी सीटी स्कॅन झालेल्या सुमारे १ लाख ७८ हजार जणांची माहिती तपासण्यात आली. सीटी स्कॅनमधून मिळालेल्या किरणमात्रेनुसार पुढे ल्युकेमिया आणि मेंदूच्या अर्बुदांचा धोका वाढत असल्याचे त्यात आढळले. वैयक्तिक धोका अत्यल्प आहे, असेही संशोधकांनी स्पष्ट केले होते. कर्करोगाने पीडित मुलाला आवश्यक असलेला सीटी स्कॅन टाळणे हा त्याचा अर्थ नव्हे; मात्र अनावश्यक स्कॅन टाळण्याची काळजी त्यातून अधोरेखित होते. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही; परंतु लहान मूल बराच वेळ निश्चल राहू शकत नसल्याने अनेकदा भूल किंवा गुंगी द्यावी लागते आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ, उपाशी ठेवणे व दिवसभराची रखडपट्टी आली.

सोनोग्राफीवर आधारित तपासणी मुलाला आईच्या मांडीवर बसवूनही करता येते. परंतु ती सीटी स्कॅन किंवा एमआरआयची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे आहे. फुप्फुसांतील प्रसार, हाडांतील आजार, मणक्यात शिरलेली गाठ किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना पडलेला वेढा यांविषयी काठिण्याचा आकडा काहीही सांगत नाही. बालकर्करोगांत सुमारे एक तृतीयांश वाटा असलेल्या ल्युकेमियाच्या निदानात तिला स्थान नाही. कवटीच्या आतील अर्बुदांपर्यंत सोनोग्राफीची ही पद्धत बाहेरून पोहोचत नाही; तेथे एमआर इलॅस्टोग्राफीचाच विचार करावा लागतो आणि तिची उपलब्धता मर्यादित आहे.

आकडा विश्वसनीय कधी?

काठिण्याचा आकडा रक्तदाबाच्या आकड्यासारखा सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो अनेक गोष्टींवर अवलंबून असतो. रडणारे मूल पोट ताठ करते. श्वासागणिक यकृत वर-खाली सरकते आणि तान्ह्या बाळाला श्वास रोखायला सांगता येत नाही. तपासनिसाने प्रोब किंचित जास्त दाबला, तरी खालची ऊती दबून अधिक कठीण भासते. द्रवात आडव्या लहरी पसरत नाहीत. त्यामुळे पुटकुळ्या असलेल्या गाठीत यंत्र काही भाग रिकामा दाखवते किंवा भलताच आकडा देते. कॅल्शियमचे साठे मोजमाप बिघडवतात.

त्यात यंत्रागणिक फरक पडतो. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे वेगवेगळ्या कंप्रतेच्या लहरी वापरतात आणि एकाच ऊतीसाठी वेगळे आकडे देऊ शकतात. उत्तर अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेच्या पुढाकाराने या मोजमापांत एकवाक्यता आणण्याचे प्रयत्न झाले आहेत; पण त्यांचा मुख्य भर प्रौढांच्या यकृतावर आहे. यकृताच्या तपासणीत अनेक वाचने घेऊन त्यांचा मध्यक नोंदवणे आणि किलोपास्कलमधील वाचनांचा आंतरचतुर्थक विस्तार त्या मध्यकाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास ती तपासणी अविश्वसनीय मानणे, हा संकेत रूढ आहे. मुलांच्या अर्बुदांसाठी असा सर्वमान्य संकेत अद्याप घडायचा आहे.

याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. एका जिल्ह्यात एका यंत्रावर घेतलेला आकडा आणि महानगरात दुसऱ्या यंत्रावर घेतलेला आकडा यांच्यातील फरक औषधाचा परिणाम असेलच असे नाही. तो यंत्राचाही असू शकतो. यंत्राचे नाव, प्रोबचा प्रकार, एकक, वाचनांची संख्या, त्यांचा मध्यक व विस्तार आणि तपासणीवेळी मूल शांत होते का, एवढी माहिती अहवालात नसेल, तर पुढील डॉक्टरला त्या आकड्याचा उपयोग नाही. गडद लाल-निळ्या रंगांचे आकर्षक चित्र ही उणीव भरून काढू शकत नाही. अनेक यंत्रांत कोणता रंग कठीण भागासाठी वापरायचा, हेसुद्धा बदलता येते.

भारतापुढील वाट

भारतात सोनोग्राफी यंत्रांचा विषय निघाला, की गर्भधारणापूर्व व प्रसूतिपूर्व निदान तंत्रे (लिंगनिवडीस प्रतिबंध) कायदा, १९९४ याचा उल्लेख अपरिहार्य असतो. यंत्राची नोंदणी, त्याचे ठिकाण आणि ते हाताळणाऱ्याची पात्रता यांवर कायद्याची बंधने आहेत आणि मुलींच्या जन्माच्या प्रमाणाचा इतिहास पाहता ती सैल करण्याचे कारण नाही. त्यामुळे इलॅस्टोग्राफी जिल्ह्यापर्यंत नेण्याचा मार्ग नोंदणीकृत यंत्रे आणि प्रशिक्षित रेडिओलॉजिस्ट यांच्यामार्फतच जातो. यंत्र खरेदी करणे त्या मानाने सोपे असते. मुलांची तपासणी धीराने करणारा आणि तिच्या मर्यादा जाणणारा तज्ज्ञ तयार करणे अवघड असते.

या कामासाठी लागणारा पाया मात्र देशात आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करत आहे. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, चेन्नईतील अड्यार कर्करोग संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे बालकर्करोगाच्या उपचारांचा दीर्घ अनुभव आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने ३०० हून अधिक केंद्रे एका जाळ्यात आणली आहेत.

भारतातील परिस्थितीच येथे संशोधनाची संधी ठरू शकते. विल्म्स अर्बुदाच्या ज्या मुलांना आधी केमोथेरपी आणि नंतर शस्त्रक्रिया दिली जाते, त्यांच्या गाठीचे काठिण्य उपचारापूर्वी, मध्यावर आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मोजले, तर त्या आकड्यांची पडताळणी काढलेल्या मूत्रपिंडाच्या प्रत्यक्ष तपासणीशी करता येईल. त्यासाठी मुलाला कोणतीही जादा शस्त्रक्रिया, भूल किंवा किरणमात्रा सोसावी लागणार नाही. ठरलेल्या एका पद्धतीने अनेक केंद्रांनी अशी मोजणी केली, तर काठिण्य हे खरोखर आकारमानापेक्षा अधिक सांगते का, या प्रश्नाचे उत्तर मिळेल. उत्तर नकारार्थी आले, तरी ते मोलाचे असेल. कारण त्यामुळे निरर्थक तपासण्यांवरील खर्च वाचेल.

तोपर्यंत दोन धोके टाळणे आवश्यक आहे. पहिला, खासगी तपासणी केंद्रांतून ‘गाठ मऊ आहे, काळजी नको’ असा दिलासा देणारे अहवाल बाहेर पडण्याचा. मुलांच्या कर्करोगात उशिरा होणारे निदान हीच भारताची मुख्य व्यथा आहे. खोट्या दिलाशाने ती वाढेल. दुसरा धोका याच्या उलट आहे : कठीण गाठीच्या भीतीने निरोगी मुलावर अनावश्यक बायोप्सी किंवा शस्त्रक्रिया होण्याचा. दोहोंवर उपाय एकच आहे. काठिण्याचा अहवाल उपचारांचा निर्णय घेणाऱ्या संपूर्ण पथकासमोर ठेवला जावा आणि त्यावरून पालकांना परस्पर निष्कर्ष सांगितला जाऊ नये.

पालकांच्या दृष्टीने महत्त्वाची चिन्हे आजही जुनीच आहेत : पोटात लागणारी गाठ, लघवीतून रक्त, काही आठवडे न उतरणारी ग्रंथींची सूज, कारणाविना ताप व घटणारे वजन, डोळ्यात दिसणारी पांढरी चमक. अशा मुलाला काठिण्यचित्रणाच्या शोधात फिरवण्यापेक्षा बालकर्करोगावर उपचार करणाऱ्या केंद्रात लवकर पोहोचवणे हे त्याचे प्राण वाचवणारे पाऊल आहे. त्या केंद्रात पोहोचल्यावर, चार आठवड्यांच्या औषधांनी गाठीच्या आत काय घडले, हे तिला धक्का न लावता समजून घेण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडू शकते. २०३० च्या उद्दिष्टाकडे जाताना देशाला या मोजमापाचा लाभ घ्यायचा असेल, तर यंत्रांच्या खरेदीच्या आधी मोजणीची समान शिस्त ठरवावी लागेल.